संडास घरात आहे का बाहेर?

डॉक्टरीणबाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत होते. म्हणजे बघत नव्हते, बघतेय असं दाखवत होते, कारण रेखाची सगळी माहिती विचारणं चाललेलं आणि आपण तिथं असून नसल्यासारखं बसावं एवढं तरी मला कळत होतं. शेवटची पाळी कधी, मुलं किती, नॉर्मल का सिझर, बीपी, शुगर, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, असं सगळं एका लयीत चाललेलं आणि त्याच लयीत, पेन न थांबवता, "संडास घरात आहे का बाहेर?" मी मान वर केली. मला वाटलं सरकारी फॉर्मवरचा एखादा रकाना असेल. रेखाला मात्र काहीच नवल वाटलं नाही. "बाहेर. कॉमन. आमच्या ओळीला चार आहेत, त्यातलं एक बंद." मग थोडं थांबून, "रात्री लाइट नसते तिथं, मोबाइल घेऊन जावं लागतं." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यानंतर जे झालं ते फार तर चार सेकंदांचं आहे आणि चार महिने झाले ते मला सोडत नाहीये. येते त्याच्याकडे.

रेखा (नाव बदललंय, बाकी सगळं तेच आहे) आमच्याकडे सहा वर्षं पोळ्या करते. पर्वतीच्या उतारावर दोन खोल्या, नवरा टेम्पोवर, सासू, दोन मुलं, थोरली चौथीत. आमचं धरून पाच घरं. मार्चमधला सोमवार होता, लाटता लाटता पाठमोरीच म्हणाली, "ताई, माझी चुकलीये." मी म्हणलं काय चुकलं, मीठ टाकलं नाहीस का. ती हसली, मग हसायची थांबली आणि तव्यावरची पोळी तशीच राहिली, करपल्याचा वास आला तेव्हा दोघी भानावर आलो. ऑपरेशन दिवाळीनंतर करू, दिवाळीनंतर करू म्हणता म्हणता संक्रांतही गेली होती. नवऱ्याला माहिती होतं, त्याचं म्हणणं काय ते बघून घे. सासूला कळू द्यायचं नव्हतं, कारण सासूच्या मते दोनावर एक असावं, घरात गडबड पाहिजे. "मला नकोय," एवढंच ती म्हणाली, आणि ते इतकं साधं म्हणाली की मी मनातल्या मनात तयार करत असलेला समजुतीचा डायलॉग तिथंच संपला. सरकारी दवाखान्यात फुकट होतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहिती होतं, पण तिथं लाइनीत अख्खा दिवस जातो आणि अशा दोन-तीन फेऱ्या म्हणजे पाच घरांची पाच तोंडं. म्हणून मी म्हणलं माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, चल, पैशाचं मी बघते.

पैशाचं मी बघते हे म्हणायला मला एक सेकंदही लागला नव्हता, हे इथं नोंदवून ठेवते.

सोनोग्राफीत सात आठवडे निघाले. गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हे आधी बघावं लागतं, कारण नळीत असला तर गोळ्यांचा काही उपयोग नाही आणि जीवाशी खेळ होतो, हे डॉक्टरीणबाईंनी तिला पाटीवर काढल्यासारखं प्रिस्क्रिप्शनच्या मागं चित्र काढून सांगितलं. मग दोन्ही रस्ते सांगितले. गोळ्यांचं असं की पहिली गोळी इथं, माझ्यासमोर. तिनं लगेच काही कळत नाही, ज्या हार्मोनच्या जोरावर गर्भ धरून राहतो त्याला ती अडवते. मग एक-दोन दिवसांनी घरी चार गोळ्या, दोन इकडच्या गालात, दोन तिकडच्या, अर्धा तास धरून ठेवायच्या, उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं. त्यानंतर साधारण चार तासांच्या आत कळा सुरू होतात, पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, गुठळ्या पडतात, कुणाला थंडी भरते, कुणाला उलट्या, कुणाला जुलाब. काही तास जोर असतो, मग ओसरत ओसरत दोन आठवडे थोडं थोडं चालू राहतं, कधी जास्तही. "आणि तासाला दोन पॅड असे लागोपाठ दोन तास भिजले तर कुणाची वाट बघायची नाही, रिक्षा करायची आणि यायचं. रात्रीचे दोन वाजले तरी." मशीनचं म्हणजे बारीक नळी आत घालून ओढून घ्यायचं, पाच-दहा मिनिटांचं काम, दोन-चार तासांनी घरी. तांबी बसवायची तर त्याच वेळी बसते. गोळ्यांत शंभरातल्या दोन ते पाच जणींना शेवटी मशीनवर यावंच लागतं, मशीनमध्ये असं पुन्हा करावं लागणारी शंभरात एखादी. उलट भूल, इन्फेक्शन, आणि फार क्वचित पिशवीला इजा, हे सगळं मशीनच्या बाजूला. हिमोग्लोबिन साडेदहा, ठीक आहे. "तुला दोन्ही चालतंय. तू सांग."

आणि मग तो संडासाचा प्रश्न. म्हणजे तो काही सरकारी रकाना नव्हता. कळा, जुलाब, गुठळ्या, थंडी, हे सगळं ज्या चार-सहा तासांत होणार ते तास बाई कुठं काढणार, एवढंच त्या विचारत होत्या.

माझं झालं तेव्हा हे मला कुणी विचारलं नव्हतं, पण तेव्हा मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. २००३ चा पावसाळा, सातारा. मुलगा अकरा महिन्यांचा, अंगावर पीत होता, आणि अंगावर पिताना राहत नाही असं आमच्याकडच्या सगळ्या बायका इतक्या ठामपणे सांगायच्या की माझाही विश्वास बसलेला. खाली कापडाचं दुकान, वर नर्सिंग होम, ओल्या छत्र्यांनी भरलेला जिना. ह्यांनी सही केली. अठराच्या पुढच्या बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याच्या सहीची कायद्याला गरज नाही, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं, मी स्वतः कुठं सही केली का हे मला आजही आठवत नाही, केलीही असेल, पुढं केलेल्या कागदावर बोट ठेवतील तिथं सही करायची सवयच होती. हातात सुई, डॉक्टर म्हणाले एक ते दहा अंक मोज, मी चारपर्यंत गेले. त्यानंतर एकदम सुकलेले ओठ आणि नर्सचा आवाज, झालं हं, झालं. खाली जाड पॅड होता तो चिकटला होता, आणि वर ब्लाउज भिजला होता, कारण बाहेर बाकावर आईच्या मांडीवर मुलगा रडत होता आणि मी शुद्धीवर नसताना माझ्या दुधाला ते ऐकू गेलं होतं. चहा आणि दोन बिस्किटं दिली. संध्याकाळी घरी आले तर वरण-भात तयार होता. कुणी एक शब्द काढला नाही, तिसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं.

चार आणि पाच ह्या आकड्यांच्या मधलं माझ्याकडे काहीच नाही.

वाईट वाटतं का, तर नाही, म्हणजे निर्णयाचं वाईट कधीच वाटलं नाही, आमच्या तेव्हाच्या एका पगारात आणि माझ्या त्या अवस्थेत दुसरं मूल म्हणजे मी खरंच वेडी झाले असते. पण ज्या गोष्टीचं पुढं इतकी वर्षं अंगात कुठंतरी असणं आहे ती घडताना मी हजर नव्हते, हे विचित्र आहे. दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट बघावी आणि त्यात आपण कुठंच दिसू नये पण जेवलो होतो हे नक्की आठवावं, तसं काहीतरी. आणि गंमत म्हणजे त्या गोळ्यांना भारतात परवानगी मिळाली ती २००२ मध्ये. माझ्या एक वर्ष आधी. पण मुंबईतल्या कुठल्या कपाटात असतील त्या असतील, कापडाच्या दुकानावरच्या नर्सिंग होमपर्यंत चढल्या नव्हत्या.

आमच्याकडे त्याला क्युरेटिन म्हणायचे. "तिचं क्युरेटिन झालं." मला कित्येक वर्षं ते सॅरिडॉनसारखं औषधाचं नाव वाटायचं. मग कळलं की क्युरेट म्हणजे खरवडायचं अवजार, लांब दांड्याचा कडेला धार असलेला चमचा, आणि त्यावरून ते क्युरेटिंग. हे कळलं त्या दिवशी नेमका मी नारळ खवायला घेतला होता. अर्धी वाटी झाल्यावर थांबले, उरलेली तशीच फ्रीजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी मिक्सरला लावली. आता असं खरवडून करू नका, ओढून घ्या, तेच जास्त सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय. आमच्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या की आम्ही ते कधीच सोडलं, पण पेशंट अजून क्युरेटिनच म्हणतात. आपल्याकडे ह्या गोष्टीला सरळ शब्दच नाही. गर्भपात हा पेपरातला. पोट पाडलं हे दुसरीबद्दल, आवाज खाली आणून. अबॉर्शन ऑफिसमध्ये. पिशवी साफ केली हे सगळ्यात सोज्वळ, जसं काही आधी तिथं कचरा साठला होता. रेखा म्हणायची "खाली करायचंय". आणि गोळ्यांचं बायका सांगतात तेव्हा तर नुसतंच "गोळ्या घेतल्या", कशाच्या ते सांगत नाहीत, ऐकणारीला कळतं.

माझी आजी कराडकडची. तिच्याकडे तर शब्दांच्या जागी नुसते पदार्थ होते. पपई खाऊ नको, तीळ खाऊ नको, बाजरीची भाकरी उष्ण पडते, असं ती दिवस गेलेल्या बाईला सांगायची आणि लहानपणी मला तो आहाराचा सल्ला वाटायचा. त्यात उलट बाजूनं वाचायची एक यादी आहे हे फार उशिरा लक्षात आलं. तिची एक जाऊ "पोटाच्या दुखण्यानं गेली" असं घरात सांगायचे. मी बाळंत होऊन माहेरी असताना एका दुपारी लसूण सोलता सोलता आजी म्हणाली, पोटाचं कसलं दुखणं, काडी घातली होती तिनं. बस, एवढंच, आणि लसणाची साल फुंकून उडवली. ते साल असेल १९५० च्या आगेमागे. तेव्हा हे करणं गुन्हा होता, करणारीसाठी आणि करवून घेणारीसाठीही. १९६४ मध्ये केंद्रानं समिती नेमली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री, मग १९७१ चा कायदा, आणि १९७२ च्या एप्रिलपासून तो लागू झाला. म्हणजे आजीची जाऊ काडी, मी चमचा, रेखापुढं नळी किंवा गोळी. अवजारं तर बारीक बारीक होत गेली, पुरावा आमच्याच घरात आहे.

गोळीचं मला कळलं ते मैत्रेयीकडून. (हेही खरं नाव नाही.) माझ्या ऑफिसमधली, सत्तावीसची, लग्न झालेलं नाही, बाणेरला एकटी राहायची. २०२२ ची गोष्ट, म्हणजे कायद्यातलं "नवरा" जाऊन तिथं "जोडीदार" आलं होतं, "विवाहित स्त्री" जाऊन "कोणतीही स्त्री" आलं होतं, तिला त्याचा आधारही वाटत होता आणि रिसेप्शनवर कपाळ आणि गळा बघितला जातोय हेही कळत होतं. तिच्या मित्रानं आधी शहाणपणा केला, चिठ्ठी न घेता सहा मेडिकल पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, आम्ही ठेवत नाही. आपल्याकडे बऱ्याच दुकानदारांनी ह्या गोळ्या ठेवणंच सोडलंय, रजिस्टर, चिठ्ठ्यांच्या कॉप्या, तपासणी, नको ती कटकट. मुलींचे गर्भ पाडण्यावरून जी धरपकड झाली त्यानंतरचं हे. ते व्हायलाच पाहिजे होतं, पण ह्या गोळ्या चालतात नऊ आठवड्यांपर्यंत आणि तोवर सोनोग्राफीत मुलगा का मुलगी दिसतच नाही, मग गोळीवर राग का, ह्याचा हिशोब मला काही लागलेला नाही. शेवटी ती नीट डॉक्टरकडे गेली, त्यांनी तपासून स्वतःकडच्या दिल्या, ते एका अर्थी बरंच झालं.

शनिवार निवडला तिनं. दोन दिवस आधी पहिली गोळी घेऊन ऑफिसला आली होती, मी तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, मला पत्ताही नाही. शनिवारी सकाळी नाश्ता करून चार गोळ्या गालात धरल्या, खडू विरघळल्यासारखी चव, आणि अर्धा तास बोलता येत नाही म्हणून मित्राशी चॅटवर बोलत बसली, तो शेजारीच असताना. दोन तासांनी सुरू झालं. कुणीतरी आत ओलं फडकं पिळतंय आणि पिळ सुटला की पुन्हा भिजवून पिळतंय, असं ती म्हणाली. दात वाजायला लागले एवढी थंडी, एप्रिलमध्ये, दोन गोधड्या. गरम पाण्याची पिशवी, दुखायची गोळी, बाथरूम आणि बेड, बाथरूम आणि बेड, अकरा वेळा. आणि त्यातल्या एका वेळी तिनं खाली बघितलं. लाल गुठळी आणि त्यात बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं काहीतरी पांढुरकं, कापसासारखं. तिनं किती वेळ बघितलं ते तिला सांगता येत नाही. मग फ्लश केलं, पुन्हा टाकी भरेपर्यंत तिथंच थांबली आणि पुन्हा केलं. पंधरा दिवसांनी तपासणी झाली, सगळं व्यवस्थित.

"तुमचं बरं होतं," ती मला म्हणाली, कारण तोवर मी तिला माझं चारपर्यंत मोजल्याचं सांगितलं होतं, "तुम्हाला काही बघावं लागलं नाही." आणि मी काही बोलले नाही, पण मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला. आता हे लिहिताना विचित्र वाटतंय, अकरा वेळा बाथरूमला पळालेल्या पोरीचा कसला हेवा, पण वाटला. तिच्याकडे त्याचा चेहरा नाही म्हणता येणार पण आकार तरी आहे. माझ्याकडे चार. तिला तो आकार अजून कधीकधी साबुदाणा भिजवताना आठवतो म्हणे आणि तेव्हा तिला माझा हेवा वाटत असणार. दोघींना एकमेकींचं बदलून दिलं असतं तर आम्ही काय म्हणलो असतो देव जाणे. डॉक्टर दोन्हीची तुलना करून सांगतात त्यात कळा किती तास, रक्त किती दिवस, फेल किती टक्के असं असतं, ते पाहिजेच, पण बघायचंय का नाही बघायचंय, हातानं करायचंय का करून घ्यायचंय, हे ज्याचं त्याला, ज्याचं म्हणजे जिचं तिला, आधी कुठं माहिती असतं.

पण मैत्रेयीच्या सगळ्या गोष्टीत एक गोष्ट मी धरूनच चालले होते. बाथरूम. बेडपासून सहा पावलांवर, आतून कडी, गीझर, टाकी, आणि बाहेर दुसरं कुणी डबा घेऊन उभं नाही. २०१५ सालचा एक मोठा अभ्यास आहे, त्यात देशात वर्षाला दीड कोटीच्या वर गर्भपात होतात असं निघालं आणि त्यातल्या चारात जवळजवळ तीन गोळ्यांनी, दवाखान्याच्या बाहेर. मी हे आधी वाचलं तेव्हा गोळी आणि दवाखाना एवढंच वाचलं. बाहेर म्हणजे कुठं, हे वाचलंच नाही. बाहेर म्हणजे घरी. आणि घरी म्हणजे कुणाच्या घरी कुठं?

तर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "गोळ्या घेतल्यास तर एक दिवस कुठंतरी राहायला पाहिजे, जिथं संडास-बाथरूम आत आहे. बहीण, माहेर, कुणी?" रेखा म्हणाली, माहेर लातूरकडं. बहीण नाही. खोलीत पंखा फिरत होता, टेबलावर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं ते वाऱ्यानं उघडमीट करत होतं आणि रेखा त्या कॅलेंडरकडे बघत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटतं ती मुद्दाम बघत नव्हती.

आमच्याकडे दोन बाथरूम आहेत. मुलगा बेंगलोरला असतो, हे दिवसभर बाहेर, दुसरी बेडरूम रिकामी, तिला लागून बाथरूम. हे सगळं मला त्या खोलीत एकदम दिसलं, नकाशा उघडावा तसं. आणि त्याच वेळी हेही दिसलं की त्या बेडवर हिरवी चादर आहे, नवीन. की समोरच्या काकू दुपारी कुरिअर घ्यायला दार वाजवतात. की काही कमी-जास्त झालं तर, म्हणजे तासाला दोन पॅड झालं तर, माझ्या घरात. की ह्यांना काय सांगायचं, आणि ह्यांना सांगायला मला लाज वाटायचं खरं तर काही कारण नाही, सातारला सही ह्यांनीच केली होती. की तिच्या सासूला उद्या कळलं तर "त्या बाईच्या घरी" असं होईल. एक दोन तीन चार. मी चारपर्यंतच जाते वाटतं कायम.

"मशीनचंच करा मॅडम," रेखा म्हणाली. "एका दिवसात सुटते."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते मी लपवत नाही. खांदे खाली आले, मोबाइल पर्समध्ये गेला, मी लगेच उत्साहानं विचारायला लागले की कधी करायचं, उपाशी यायचं का, बरोबर काय आणायचं. रिसेप्शनवर त्या मुलीनं "मिस्टरांची सही?" म्हणलं तर मीच तावातावानं म्हणाले की कायद्यानं लागत नाही, तिची पुरते. आतून डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. फॉर्मवर तिनं सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली. पैसे मी भरले. तिच्या हक्काचं सगळं मी जोरात बोलून घेतलं त्या दिवशी, फक्त माझ्या घरातलं काही लागत नव्हतं तोपर्यंतचं.

गुरुवारी झालं. जागीच ठेवली होती तिला, तिथल्यापुरतं बधिर करून. बाहेर आली तेव्हा चेहरा घामानं ओला, पण चालत आली. रिक्षात म्हणाली, पाच मिनिटंपण नसेल लागली ताई, पाळीत दुखतं तसं जोरात दुखलं आणि मग थांबलं. मशीनची घरघर यायची. वर पंखा होता, त्याच्या पात्यावर जाळं धरलेलं, मी तेच बघत होते, म्हणलं एवढा मोठा दवाखाना आणि पंखा पुसत नाहीत. आम्ही दोघी हसलो, रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. तांबीपण बसवून घेतली. सासूला वाटलं कामावर गेली होती. शुक्रवारी घरी राहिली, पोट बिघडल्यासारखं होतंय म्हणून सांगितलं, शनिवारी मी नको म्हणत असताना आली आणि बारा पोळ्या करून गेली. त्यातली एकही करपली नाही.

म्हणजे तिचं नीट झालं. सासू घरात, मुलं शाळेतून दुपारी येणार, दोन आठवडे पॅड कुठं टाकायचे हा प्रश्न, हे सगळं बघता तिला मशीनच सोयीचं असेलही, कदाचित मी तोंड उघडलं असतं तरी ती तेच म्हणली असती. मी मधे हे एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली अगं तू उगाच लावून घेतेस, तिनं स्वतःच निवडलं ना. हो, निवडलं. चार सेकंद थांबून निवडलं. त्या चार सेकंदांत ती कॅलेंडरकडे बघत कशाची वाट बघत होती, का बघतच नव्हती आणि हे सगळं माझ्याच डोक्यातलं आहे, हे तिला विचारायची सोय मी ठेवली नाही. सहा वर्षांत तिनं आमच्याकडे बाथरूम वापरल्याचं मला आठवत नाही. मी कधी नको म्हणलं नाही. वापर असंही कधी म्हणलं नाही. सकाळी सातला घरातून निघते, पाच घरं करून दुपारी अडीचला परत जाते, त्यात मधे बाई कुठं जाते हा प्रश्न मला त्या केबिनमध्ये बसेपर्यंत पडला नव्हता, आणि डॉक्टरीणबाईंना तो पेन न थांबवता पडला.

मागच्या आठवड्यात मी ती आतली बाथरूम काढली साफ करायला. वापरात नाही म्हणून तिथं रद्दी, कूलर, मुलाच्या क्रिकेटची किट, एक फुटकी बादली, असं साठत गेलेलं. दोन तास गेले. रद्दी खाली नेली, टाइल्स घासल्या, गीझर चालू करून बघितला तर चालतोय. रेखा पीठ मळत होती, आवाज ऐकून दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक.

"ताई, पाहुणे येणारेत का?"

"नाही गं. असंच."

ती थोडा वेळ बघत राहिली, टाइल्सकडे, मग दाराकडे. "कडी लागत नाही त्याची," म्हणाली. "आतनं. वरचा खिळा ढिला झालाय." आणि परत आत गेली.

मी दार ओढून बघितलं. खरंच लागत नाही. सुताराला फोन केला, तो म्हणाला एवढ्याशा कामाला आत्ता नाही येता येणार, गणपतीनंतर बघू.